माळ्यावरच्या फळ्या खाली आणताना

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका आणि त्यांचे यजमान ठाण्यात नोकरी करतात, सासरेही त्यांच्याकडेच राहतात. दापोली तालुक्यातील सासऱ्यांचे जुने घर उतरवून त्याच जागी नवे घर बांधले जात आहे: तळमजला आणि वर एक खोली. जुन्या घराच्या माळ्याच्या सागवानी फळ्या व काही तुळया जपून ठेवल्या आहेत आणि त्या कापून खालच्या बैठकीच्या खोलीत लाकडी जमीन करावी, अशी सासऱ्यांची इच्छा आहे. खालचा कोबा मार्चमध्ये झाला, गिलावा मेअखेर संपला. ठेकेदाराचे म्हणणे असे की, जुन्या सागवानाला काही होत नाही, वरून पॉलिश मारले की ओल शिरायला जागाच उरत नाही, आणि गणपतीपूर्वी काम संपवून देतो. यजमानांना दुकानात पाहिलेले ‘वॉटरप्रूफ’ लॅमिनेट पसंत आहे. नणंदेच्या ठाण्यातील सदनिकेत गेल्या जुलैत लाकडी जमीन मधोमध फुगून उचलली गेली, त्यामुळे पत्रलेखिका धास्तावल्या आहेत. घर गणपती, दिवाळी आणि मे महिना सोडल्यास बंदच राहणार आहे. त्या विचारतात: ओल कायमची रोखून धरील असे लाकूड किंवा रसायन कोणते, आणि सासऱ्यांचे मन न मोडता हे कसे जमवावे?

तुमच्या ठाण्याच्या घरात एखादे तरी दार असे असेल, जे जुलैत चौकटीत अडकते, खांद्याने लोटल्याशिवाय मिटत नाही, आणि डिसेंबरात सुताराला न बोलावताच पुन्हा सरळ वागू लागते. त्या दाराला पाण्याचा थेंबही लागलेला नसतो. त्याने घेतलेली ओल हवेतली असते. लाकूड कापून, वाळवून, रंधून, रंगवून कितीही वर्षे लोटली तरी ते भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीतच राहते, आणि म्हणून ‘कायमची रोखून धरील’ या तुमच्या शब्दांपाशीच मी प्रथम थांबलो. लाकडाला हवेपासून तोडता येईल, असे गृहीत धरले की मग रसायनांची यादी सुरू होते. त्याऐवजी लाकूड किती हलणार, केव्हा हलणार आणि हलायला त्याला जागा कुठे ठेवली आहे, हे ठेकेदाराला विचारले तर संभाषण अधिक उपयोगी होईल.

आकड्यांत सांगायचे, तर आपल्याकडच्या तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना लाकडातील ओलावा सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ६५ टक्के झाली की तो १२ च्या आसपास जातो आणि ८० टक्के आर्द्रतेला १६ च्या. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ८० च्या वरच असते. हा चढउतार प्रत्येक जातीच्या लाकडात होतो, सागवानातही. ठेकेदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे ते अशासाठी की, सागवान इतर अनेक लाकडांपेक्षा कमी फुगते: ओलाव्यात एका टक्क्याचा फरक पडला, तर सागवानाची फळी रुंदीत जास्तीत जास्त सुमारे ०.१९ टक्के बदलते, तर दुकानांत मिरवणारा अमेरिकी ओक जवळपास ०.३७ टक्के. मात्र कमी फुगणे म्हणजे न फुगणे नव्हे. तुमची खोली १२ फुटांची, म्हणजे साधारण ३६०० मिलिमीटर रुंद धरली आणि कोरड्या दिवसांत १० टक्के ओलाव्याच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून, भिंतीला टेकवून बसवल्या, तर त्या १६ टक्क्यांवर पोहोचेपर्यंत सगळ्या मिळून ४० मिलिमीटर रुंद होऊ पाहतील. भिंत सरकत नाही. मग जमीन मधोमध उचलली जाते. तुमच्या नणंदेकडे बहुधा हेच झाले असावे, तरीही त्या खोलीला लागून न्हाणीघर असेल तर गळती एकदा तपासून घ्यायला सांगा.

याउलट ठेकेदार म्हणतो त्याप्रमाणे ऐन श्रावणात, १६ टक्के ओलाव्याच्या फळ्या बसवल्या, तर गणपतीत जमीन आरशासारखी दिसेल, आणि फेब्रुवारीपर्यंत त्या ११ टक्क्यांवर उतरल्या की दर १०० मिलिमीटर रुंद फळीमागे एक मिलिमीटरला जरा कमी एवढी फट पडेल. त्या फटीत एटीएम कार्ड उभे राहते. मेमध्ये तुम्ही घर उघडाल तेव्हा फटींत धूळ आणि मुंग्या असतील, आणि ठेकेदार दुसऱ्या कामावर.

या दोन टोकांच्या मध्ये बसवायचे, एवढाच त्यावर मार्ग आहे. १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेल्या फळ्या पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात बसवल्या, तर पावसाळ्यात त्या एकूण २७ मिलिमीटर पसरू पाहतील. दोन्ही बाजूंना भिंतीलगत १३ ते १५ मिलिमीटरची मोकळी जागा सोडली, तर ते पसरणे तिथे सामावते आणि फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावतात त्या पट्टीखाली, झाकली जाते. स्कर्टिंग मात्र भिंतीला ठोकायचे, जमिनीला कधीच नाही. ही चूक मी चांगल्या चांगल्या सुतारांकडून झालेली पाहिली आहे. उभ्या लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, त्यामुळे सगळे लक्ष फळ्यांच्या रुंदीच्या दिशेने द्यावे. शिवाय फळीच्या टोकाकडे पाहा: ओंडक्याची वर्तुळे तिथे आडव्या कमानींसारखी दिसत असतील तर ती फळी जास्त हलते, उभ्या रेषांसारखी दिसत असतील तर जवळपास निम्मेच हलते. जुन्या तुळया कापायच्याच आहेत, तर कापणाऱ्याला उभ्या रेषांच्या फळ्या जास्तीत जास्त निघतील असे कापायला सांगा. लाकूड थोडे वाया जाईल, पण ते परवडते.

पॉलिशबद्दलही बोलायला हवे, कारण हा समज फार पसरलेला आहे. पॉलिश, लॅकर किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर ओलाव्याची गती मंद करतो. त्याला थांबवत नाही. त्यातही थर फक्त वरच्या बाजूला दिला आणि खालची बाजू कोरी राहिली, तर खालून येणारी ओल खालचा पृष्ठभाग फुगवते, वरचा तसाच राहतो, आणि फळीच्या दोन्ही कडा वर येऊन ती पन्हाळीसारखी होते. फळ्या बसवण्यापूर्वीच त्यांच्या खालच्या बाजूला आणि कडांनाही एक हात द्यावा. समजा एखाद्या पावसाळ्यात कडा वर आल्याच, तर घाईने मशीन लावून घासून घेऊ नका. तेव्हा कडा घासल्या गेल्या की हिवाळ्यात फळी सपाट होताना मध्यभाग उंचवटल्यासारखा राहतो आणि ते नुकसान कायमचे असते. जानेवारीपर्यंत वाट पाहिली, तर पुष्कळदा फळ्या आपणहून बसतात.

इथवर सगळे हवेबद्दल झाले. तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती खालून येणाऱ्या ओलीची, आणि त्यासाठी तुमच्या सासऱ्यांनाच एक प्रश्न विचारावासा वाटतो: या फळ्या जुन्या घरात कुठे होत्या? माळ्यावर. ओटी, पडवी, माजघर, सगळीकडे खाली सारवलेली जमीन, आणि लाकूड मात्र वर, तुळयांवर, जिथे त्याच्या खालीही हवा आणि वरही हवा. खाली चूल पेटत असे, तिचा धूर आणि ऊब माळ्याला लागत असे. जमिनीलगत लाकूड अंथरण्याच्या भानगडीत कोकणातली जुनी घरे सहसा पडली नाहीत, आणि त्यात त्या सुतारांचा काही कमीपणा नव्हता. सारवलेली जमीन ओल घेत असे आणि उन्हाळ्यात सोडत असे. तिला फुगून भिंतीवर धडकायचे नव्हते. सासऱ्यांच्या आठवणीतल्या फळ्या इतकी वर्षे टिकल्या त्या सागवानाच्या गुणामुळे तर खऱ्याच, पण त्यापेक्षा जास्त त्यांच्या जागेमुळे.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. या फळ्या वरच्या खोलीत घाला. वरच्या स्लॅबच्या दोन्ही बाजूंना हवा आहे, जमिनीतली ओल तिथवर पोहोचत नाही, वाळवीची वाट लांबते, आणि माळ्याच्या फळ्या पुन्हा माळ्याच्याच उंचीवर जातात, हे सासऱ्यांना कदाचित तुमच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा लवकर पटेल. स्लॅबवर वाळवीविरोधी प्रक्रिया केलेल्या लाकडी रिपा फूट-सव्वा फुटाच्या अंतराने बसवून, त्यांच्यावर फळ्या स्क्रूने आवळून घ्याव्यात आणि स्कर्टिंगला थोड्या थोड्या अंतरावर छोटी छिद्रे ठेवावीत, म्हणजे खालची हवा कोंडत नाही. वरच्या छपराची किंवा गच्चीची गळती मात्र एक पूर्ण पावसाळा पाहून मगच हे काम हाती घ्या.

सासरे खालच्याच खोलीवर ठाम राहिले, तर दार अगदीच बंद नाही, पण आधी कोब्याची परीक्षा घ्यावी लागेल. तुमच्या अभियंत्याला एकच प्रश्न विचारा: सोलिंगवर (पायातल्या दगडांच्या थरावर) पीसीसी, म्हणजे सळया नसलेले साधे काँक्रीट, ओतण्यापूर्वी प्लास्टिकचा जाड कागद अंथरला होता का? उत्तर गुळमुळीत आले, तर नव्हता असे समजा. मार्चमध्ये ओतलेला काँक्रीटचा थर वरून कोरडा दिसत असला, तरी आत पाणी बराच काळ राहते. चांगल्या कोरड्या हवेत दर इंच जाडीला साधारण एक महिना हा जुना ठोकताळा आहे, आणि तो महिना क्युरिंगचे (काँक्रीट पक्के होण्यासाठी मारतात ते) पाणी थांबल्यावर, छप्पर व खिडक्या बसल्यावर मोजायचा. पावसाळ्यात हे वाळणे जवळपास थांबतेच. चार इंचांच्या थराला गणपतीपर्यंत वेळ मिळणार नाही, हे सरळ हिशेबानेच दिसते.

घरच्या घरी करता येणारी चाचणी अशी की, दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दीड-दोन दिवसांनी पाहावे. आत थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर काम नक्की थांबवायचे. काहीच दिसले नाही, तर मात्र त्याचा अर्थ ‘कोरडे आहे’ असा घेऊ नका, कारण ही चाचणी वरच्या थरापुरतीच बोलते. खरी चाचणी म्हणजे काँक्रीटला जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून त्यात आर्द्रतामापक ठेवणे. तिथली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेल, तर लाकडाचा विचार करता येतो. फरशीच्या व्यवसायातले जाणकार ठेकेदार हे यंत्र बाळगतात. तुमच्या ठेकेदाराला त्याचे नावही ठाऊक नसेल, तर काम त्याच्याकडून करून घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.

कोबा कोरडा ठरल्यावरही जमिनीतली ओल दर पावसाळ्यात नव्याने येणारच. जांभ्याच्या भिंतींतूनही ती चढते. त्यामुळे इपॉक्सीचे दोन हात, किंवा निदान २०० मायक्रॉन जाडीचे प्लास्टिक, जोडावर वीतभर एकमेकांवर चढवून, सांधे चिकटवून आणि कडेने भिंतीवर थोडे वर नेऊन, हे अनिवार्य समजा. आणि अशा जागी अखंड लाकडाऐवजी तुमच्याच सागवानाचे चार मिलिमीटर जाडीचे पातळ काप काढून ते आयएस ७१० प्रतीच्या, म्हणजे बाजारात ‘मरिन’ म्हणतात त्या प्लायवर दाबून बसवलेल्या पट्ट्या करता येतील. प्लायमधले थर एकमेकांना आडवे असल्याने अशी पट्टी रुंदीत फार कमी हलते, पायाखाली येते ते सासऱ्यांचेच सागवान, आणि एका तुळईतून कितीतरी अधिक क्षेत्र झाकले जाते. खर्च जास्त येतो, आणि पुढे दोनदा फार तर तीनदा घासता येईल एवढीच वरची जाडी असते. माझ्या दृष्टीने हा दुसरा पर्याय आहे, पहिला नाही.

यजमानांच्या लॅमिनेटबद्दल थोडक्यात. त्यावरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बहुधा वरच्या थराबद्दल असतो. आतला गाभा लाकडाच्या दाबलेल्या भुशाचा असतो, सांध्यातून पाणी गेले की तो फुगतो, आणि फुगलेला सांधा वाळल्यावरही खाली बसत नाही. लाकूड निदान माघार घेते. शहरात, रोजच्या वावरातल्या घरात लॅमिनेट चालू शकते. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या कोकणातल्या तळमजल्यावर मी ते घालणार नाही. खाली कोटा दगडाची फरशी किंवा साधी टाइल घाला. लाकडासारखी दिसणारी टाइलही मिळते, पण वर खरे सागवान असलेल्या घरात ती का घालावी, ते मला तरी उमगत नाही.

आता फळ्यांची तयारी. जुने लाकूड म्हणजे वाळलेले लाकूड, हे खरे. पण शेडमध्ये पावसाळाभर पडलेले जुने लाकूडही आज तितकेच ओलसर असते जितकी शेडमधली हवा. शिवाय जाड तुळई कापली की आतला ताण सुटतो आणि फळ्या वाकू शकतात. म्हणून कापणी ऑक्टोबरच्या आरंभी करून घ्या. त्याआधी जुने खिळे काढून घ्या, भुंगा लागलेले भाग वेगळे करा आणि सालीलगतचे फिकट लाकूड टाकून द्या, कारण सागवानाचा टिकाऊपणा त्याच्या गडद गाभ्यात असतो, त्या फिकट भागात नाही. कापलेल्या फळ्या वरच्याच खोलीत, मध्ये पातळ रिपा घालून, सर्व बाजूंनी वारा लागेल अशा रचून ठेवा. दुकानदार ‘४८ तास खोलीत ठेवा’ असे सांगतात; त्या तासांना फारसा अर्थ नाही. गिलाव्याचे पाणी अजून सुटत असलेल्या खोलीत फळ्या ठेवल्या, तर त्या वाळण्याऐवजी ओल पितील.

ओलावा मोजायचे पिनांचे मीटर सुताराकडे नसेल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ओव्हन पुरेसा आहे. फळीच्या मधल्या भागातून, टोकाकडून नव्हे, बोटभर रुंद तुकडा कापा, लगेच वजन करा आणि १०० अंशांच्या किंचित वर तापवलेल्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवा. आधी ११२ ग्रॅम भरला आणि शेवटी १०० ग्रॅम, तर ओलावा १२ टक्के. वेगवेगळ्या फळ्यांचे चार-पाच तुकडे तपासा. त्यांच्यात आपसांत दोनपेक्षा जास्त टक्क्यांचा फरक असेल, तर आणखी थांबा.

तुमच्यासारख्याच प्रश्नाने इतर वाचकांचीही पत्रे येतात, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. लाकडाला दमट हवेपेक्षा दोन ऋतूंमधले अंतर जास्त छळते. नागपुरात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या आसपास चढते, त्यामुळे कोकणापेक्षा तिथली फळी वर्षभरात जास्त हलते. तिथे अरुंद पट्ट्या घ्याव्यात आणि उन्हाळ्याच्या भरात काम करू नये. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ मध्ये हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडातील ओलाव्याची मर्यादा वेगळी दिली आहे, ती याच कारणाने. परदेशी माहितीपत्रकांतली ‘घरातील आर्द्रता ३० ते ५० टक्के राखा’ ही अट मुंबईत वातानुकूलन अहोरात्र चालवल्याखेरीज पाळता येत नाही, आणि ती न पाळल्यास हमी रद्द होते, हे खरेदीपूर्वीच वाचावे. शिकागो किंवा न्यू जर्सीच्या वाचकांची अडचण नेमकी उलटी असते: हिवाळ्यात हीटिंगमुळे घर इतके कोरडे पडते की फटी जानेवारीत रुंदावतात, त्यांनी त्या लांबीने (पुट्टीने) भरू नयेत, उन्हाळ्यात फळ्यांना तीच जागा लागते.

राहिला बंद घराचा प्रश्न. तुमच्या पत्रात तो एका ओळीत आला, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. कुलूपबंद खोलीत जुलैची हवा कोंडली की लाकडाआधी गाद्यांना बुरशी धरते. गावी किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल, त्यांना आठवड्यातून एकदा, पाऊस उघडलेल्या दुपारी, वरच्या खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या दोन तास उघडायला सांगा. संततधार असेल त्या दिवशी उघडू नयेत. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीत टांगून ठेवा आणि खिडक्या उघडताना त्याचा फोटो तुम्हाला पाठवायला सांगा. आणि जी बाई गणपतीपूर्वी घर झाडायला येईल, तिला आधीच समजावून ठेवा की, बादलीभर पाणी ओतून लादी पुसायची सवय खालच्या मजल्यापुरती ठेवावी. वर पिळून जवळजवळ कोरडे केलेले फडकेच फिरवावे.